तोंडाला कोरड पडते? आधी लाळ मोजा

वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तर साधारण पाचातल्या एका प्रौढाला तोंडाला कोरड पडण्याचा त्रास आहे असं दिसतं. बायकांत आणि उतारवयात जास्त. पण हे आकडे माणसांना विचारून काढलेले असतात, आणि कोरड वाटणं वेगळं, लाळ खरोखर कमी असणं वेगळं. लाळ निम्म्यावर आली तरी अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून मोजा.

मोजण्याआधी दीड तास खाणं, पिणं, दात घासणं, तंबाखू, सगळं बंद. ताठ बसा, मान किंचित पुढे झुकवा, तोंडात असेल ती लाळ गिळा आणि घड्याळ लावा. पुढची १५ मिनिटं काही गिळायचं नाही, चोखायचं नाही. साठेल ती लाळ छोट्या वाटीत सोडायची. फेस बसू द्या, नाहीतर आकडा फुगतो. मग सुई नसलेल्या ५ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून पाहा. साधारण ४ ते ५ मिली भरली तर ठीक. दीड मिली किंवा त्याहून कमी भरली तर डॉक्टरांना दाखवा.

जाताना गोळ्यांचा डबा सोबत न्या. दोषी बहुधा त्यातच सापडतो: सर्दी-खाजेवरचं क्लोरफेनिरामाइन, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यावरचं अमिट्रिप्टिलीन, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. आपल्या मनाने एकही बंद करू नका. पर्याय आहे का, मात्रा कमी होईल का, ते विचारा. रक्तातली साखरही तपासा. डोळेही चुरचुरत असतील तर तेही सांगा, कारण शोग्रेन आजारात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो) दोन्ही सोबत येतं. तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलं असेल, तर लाळग्रंथींनाच इजा झालेली असू शकते.

घरगुती उपायांत लोक हमखास फसतात ते लिंबाच्या गोळ्या, आवळासुपारी आणि खडीसाखर यांत. लाळ सुटते खरी, पण आंबट आणि गोड धुऊन टाकायला ती पुरेशी नसते, आणि मग हिरडीलगत दात किडतात. खालचे पुढचे दातसुद्धा, जे एरवी सहसा किडत नाहीत. त्यापेक्षा झायलिटॉलचं (दात न किडवणाऱ्या गोडीचं) बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून चूळ भरा, गिळू नका. भाकरी कोरडी न खाता आमटीत कुस्करा.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्रीचं दात घासणं चुकवू नका. फ्लोराइडची पेस्ट वापरा, फेस थुंका, पण चूळ भरू नका. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. तिच्याखाली लाली आली किंवा तोंडात दह्यासारखे पांढरे थर दिसले, तर ती बुरशी असू शकते. तिला औषध लागतं, मिठाच्या चुळांनी ती जात नाही.