लकी बांबू पिवळा पडतोय? या चुका टाळा

लकी बांबू मरगळला की बहुतेकांचा हात आधी खताकडे जातो. जरा थांबा. दोन बोटांत कांडी धरून बुडापाशी दाबून बघा. कांडी टणक असेल आणि नुसती पानं पिवळी असतील, तर झाड वाचतं. बुडाशी पिवळी पडून पिकल्या केळासारखी मऊ लागली, तर ती कांडी गेली. पिवळी झालेली कांडी पुन्हा हिरवी होत नाही. "बघू आणखी आठ दिवस" म्हणत ती तशीच ठेवली तर पाणी नासतं आणि शेजारच्या चांगल्या कांड्याही कुजायला लागतात. ती आजच काढा.

मुळात हा बांबू नव्हेच. बांबू गवताच्या कुळातला. हा ड्रसीना, कॅमेरूनच्या बाजूच्या आफ्रिकी जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. त्याला बांबू समजून पश्चिमेच्या खिडकीत ठेवला की एप्रिलच्या उन्हात पानं भाजून कागदासारखी पांढुरकी होतात. त्याला उजेड हवा, पण पडद्याआडून आलेला. पूर्वेला ठेवा म्हणतात. ठेवा, पण तिथे उजेड पोचतो का तेही बघा. अंधाऱ्या कोपऱ्यात पेरं लांबत जातात आणि कांडी किडकिडीत होऊन वाकते. एसीचा झोतही थेट अंगावर नको.

सगळ्यात जास्त झाडं जातात ती पाण्याने. आमच्याकडे वर्षभर बोअरचं पाणी घालत होतो. प्रत्येक पानाचं टोक चहात बुडवून काढल्यासारखं तपकिरी, आणि काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरा खर. तो खर म्हणजे पाण्यातले क्षार. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रात्रभर बादलीत ठेवल्यावर बरंचसं उडून जातं, पण क्षार आणि फ्लोराइड तिथेच राहतात. पाणी उकळलं तर फ्लोराइड उलट दाट होतं. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी घाला. करपलेलं टोक हिरवं होणार नाही, ते कात्रीने कापून टाका. नवी पानं कशी येतात त्याकडे लक्ष ठेवा.

बरणी गळ्यापर्यंत भरू नका. मुळं बुडून बोटभर पाणी वर राहिलं की पुरे.

पाणी दर आठवड्याला बदला. त्याचं एक कारण म्हणजे डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. २००१ साली चीनहून कॅलिफोर्नियात पाण्यात ठेवून पाठवलेल्या लकी बांबूंबरोबर एडिस जातीचेच डास पोचले होते. महापालिकेचे लोक पावसाळ्यात घरोघरी येऊन या बरण्या तपासतात ते उगीच नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. बरणी आतून घासणीने घासा, खडेही चोळून धुवा.

खताचं थोडक्यात: द्रव खत भरपूर पातळ करून दोन महिन्यांतून एखादा थेंब, आणि आजारी झाडाला तोही नको. खत जास्त झालं तरी पानं पिवळीच पडतात, मग आपण आणखी घालतो.

कांड्यांभोवतीची सोनेरी तार आणि लाल फीत दुकानातून आणल्यावर सैल करा. कांडी जाड होते तशी तार आत रुतते. तीन थरांच्या गोल रचनेत आतल्या कांड्या आधी कुजतात आणि बाहेरून पत्ता लागत नाही. वास आला की समजायचं.

गेलेल्या कांडीचा वरचा भाग अजून हिरवा आणि टणक असेल तर तो वाचवता येतो. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि कुजलेल्या भागाच्या दोन बोटं वर कापा. कापलेल्या जागी आत डाग दिसला तर आणखी वर सरका. तुकड्याला एखादं पेर तरी हवं, मुळं तिथूनच फुटतात. स्वच्छ बरणीत, थोड्या पाण्यात, सावलीत ठेवा आणि तीन-चार आठवडे सारखं उपसून बघू नका. नवी मुळं नारिंगी-तांबूस दिसतात. ती निरोगी असतात, गंज समजून खरडू नका. काळी आणि बुळबुळीत झाली तरच कापायची.

घरात मांजर असेल तर बरणी उंचावर ठेवा. ही पानं मांजर-कुत्र्यांना बाधतात.