सुपरक्रिटिकल सीओटू : काट्यावर विसंबून या चुका करू नका

“सीओटूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने, 31 अंश आणि 74 बार दाब ओलांडला की झाला तो सुपरक्रिटिकल, ना धड द्रव ना धड वायू.” निम्मा घोळ या पाठांतरातून होतो.

सांगलीतला मे महिना घ्या. खोलीत 38 अंश, तळातून द्रव उपसणाऱ्या सायफन नळीचं भरलेलं सिलिंडर, गेजवर शंभराच्या आसपास बार. नवखा खूश, दाब भरपूर! पण 31 अंशांच्या वर सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही, मग सायफन उपसणार काय? पंप टकटक करतो, डिस्प्लेवर मिनिटाला 10 मिली दिसतात आणि रिअ‍ॅक्टरचा काटा ढिम्म. मग चेक व्हॉल्व्ह खोला, सील बदला, दोन दिवस पाण्यात. दोष पंपाचा नसतोच. पंपाच्या आधी चिलरमध्ये बुडवलेलं नळीचं वेटोळं हवं आणि पंपहेड 5 अंशांच्या खाली. सिलिंडर आदल्या रात्रीच 20 अंशांच्या खोलीत ठेवा, सकाळी गेज 57 बारच्या जवळ आलेलं दिसेल. ऐन वेळी बर्फाची पाटी ओतून 30 किलो गॅस गार होत नाही.

दुसरी चूक हायड्रोजनेशनवाल्यांची, म्हणजे सीओटूत पदार्थाला हायड्रोजन जोडणाऱ्यांची. वरचे आकडे शुद्ध सीओटूचे आहेत. त्यात हायड्रोजन आणि तेलकट पदार्थ घातला की सगळं गणित बदलतं. हायड्रोजन पदार्थाची विद्राव्यता मारतो, पदार्थ थेंबाथेंबाने तळाशी बसतो, कॅटॅलिस्टचे (उत्प्रेरकाचे) दाणे त्यात भिजतात. वरच्या थरातून सॅम्पल काढलं की कन्व्हर्जन (किती पदार्थ बदलला ते) झकास दिसतं, खरं मात्र नसतं. (दोन फेज (वेगळे थर) असणं हे पाप नाही, काही रिअ‍ॅक्शन तशाच चांगल्या चालतात. पण आपल्या भांड्यात काय आहे ते ठाऊक हवं.) म्हणून आधी कॅटॅलिस्ट न घालता, त्याच प्रमाणाचं मिश्रण सफायर खिडकीच्या सेलमध्ये घ्या. स्वच्छ दिसेपर्यंत दाब चढवा, मग सावकाश उतरवा. धुरकट झालं तो आकडा वहीत लिहा आणि रिअ‍ॅक्शन त्याच्या किमान 20 बार वर चालवा. “80 काय नि 100 काय” म्हणणाऱ्यांसाठी: शुद्ध सीओटूची घनता 40 अंशांना 80 बारवर लिटरला 278 ग्रॅम, 100 बारवर 629.

भांडं गार द्रवाने काठोकाठ भरून तापवणं म्हणजे बॉम्बच. लिटरला 900 ग्रॅम भरलंत तर 60 अंशांना दाब 400 बारच्या वर जातो. वजन करूनच भरा.

दाब झटकन सोडलात की ओ-रिंगला (रबरी सीलला) फोड येतात.

अमाइन (अमोनियावर्गीय संयुगं) घालू नका. सीओटूशी जुळून होणाऱ्या कार्बामेटचा पांढरा खडा नळीत अडकतो.

पॅलेडियम कॅटॅलिस्टचं काम मंदावलं तर आधी कार्बन मोनॉक्साइड तपासा. सीओटू आणि हायड्रोजनपासून तो तिथल्या तिथेच तयार होतो आणि पॅलेडियमला चिकटून त्याचं काम अडवतो.