छताच्या कडेची थर्माकोलची पट्टी सुटत होती : माझा अनुभव

आमच्या दिवाणखान्यात भिंत आणि छत यांच्या सांध्यावर लावलेली थर्माकोलची नक्षीदार पट्टी दोन-तीन दिवसांत एका टोकाकडून सुटू लागे. प्रथम वापरलेल्या, उग्र वासाच्या रबरी चिकटद्रव्यातील द्रावकाने थर्माकोलच विरघळले आणि पट्टीच्या पाठीला खड्डे पडले. सुतारकामाचा पांढरा गोंद रंगवलेली भिंत व थर्माकोल यांच्यामध्ये हवेअभावी चार दिवसांनीही ओलाच राहिला. तिसऱ्यांदा पट्टी थेट जेवणाच्या ताटात पडली, तेव्हा मात्र संयम सुटला.

पडलेल्या पट्टीवरील गोंदाला भिंतीवरील डिस्टेंपर रंगाचा पातळ पापुद्रा चिकटलेला दिसला, तेव्हा खरा दोष लक्षात आला : गोंदाबरोबर डिस्टेंपरच भिंतीवरून सुटत होता.

मग पट्टीच्या रुंदीच्या खुणा करून त्यांच्या आतील डिस्टेंपर पत्र्याने खरवडला, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि वॉटर प्रायमरचा एक हात देऊन तो २४ तास वाळू दिला. त्यानंतर द्रावकविरहित अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्याची (डब्यावर ‘थर्माकोलसाठी योग्य’ असे लिहिलेले पाहूनच घ्यावे) सलग रेघ पट्टीच्या दोन्ही कडांना देऊन, कोपऱ्यातील ४५ अंशांत कापलेल्या तुकड्यापासून सुरुवात करत, पट्टी तळहाताने दाबली आणि बाहेर आलेले द्रव्य लगेच पुसले. वाळेपर्यंत मास्किंग टेपचा आधार ठेवला. फटी अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरल्या. सिलिकॉन सीलंट टाळले, कारण त्यावर रंग धरत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग दिला, कारण ऑइल पेंटमधील द्रावकानेही थर्माकोल खराब होते. यंदाचा पावसाळा उलटला, पट्टी जागेवर आहे.