अणुऊर्जा की नैसर्गिक वायू? वीज कंपनीच्या निर्णयामागचे आर्थिक हितसंबंध कसे तपासावेत

अमेरिकेतील एखादी वीज कंपनी नवा अणुप्रकल्प किंवा वायूवर चालणारे वीजकेंद्र जाहीर करते, तेव्हा भरवशाचा पुरवठा, स्वच्छ हवा आणि परवडणारा दर ही कारणे तिच्या पत्रकात हमखास असतात. ती खोटी असतातच असे नाही. परंतु त्या निर्णयाने भागधारकांचा नफा किती वाढणार आहे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा किती भाग त्या नफ्याशी बांधलेला आहे, हे पत्रकात नसते. ते वेगळ्या कागदपत्रांत असते, आणि त्यांतली बहुतेक कागदपत्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ती वाचताना लाचखोरीच्या शोधापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्णयाला सर्वाधिक वळण लावणारी गोष्ट बहुधा पूर्णपणे कायदेशीर असते आणि दर ठरवण्याच्या सूत्रातच ती दडलेली असते.

पहिला प्रश्न असा, की ही कंपनी कोणत्या व्यवस्थेत काम करते? जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना किंवा फ्लोरिडा या राज्यांत एकच कंपनी वीज निर्माण करते, घरोघरी पोहोचवते, आणि तिचे दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो. ओहायो, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत मात्र बहुतेक वीजकेंद्रे घाऊक बाजारात वीज विकतात. या दोन व्यवस्थांत पैशाची दिशाच वेगळी असल्याने हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नियंत्रित दरांच्या व्यवस्थेत इंधन, पगार, देखभाल असा चालू खर्च ग्राहकांकडून वसूल होतो, पण त्यावर नफा मिळत नाही. नफा मिळतो तो गुंतवलेल्या भांडवलावर. आयोगाने मान्य केलेले भांडवल ‘रेट बेस’मध्ये धरले जाते आणि घसारा वजा होत होत, कित्येक दशके, त्यावर ठरावीक परतावा मिळत राहतो. केवळ हिशेबासाठी असे धरू, की १०० कोटी डॉलरच्या वायू केंद्रातील निम्मे भांडवल भागधारकांचे आहे आणि त्यावर १० टक्के परतावा मान्य आहे. मग पहिल्या वर्षाचा नफा ५ कोटी डॉलर होतो. त्याच अटींवर १,००० कोटी डॉलरच्या अणुप्रकल्पाचा नफा ५० कोटी डॉलर होतो. कोणती वीज स्वस्त आहे, हा प्रश्न या हिशेबात कुठेच येत नाही. हार्वे ॲव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते, की मान्य परतावा भांडवल उभारण्याच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर नियंत्रित कंपनी गरजेहून अधिक भांडवल गुंतवण्याकडे झुकते. म्हणून दरवाढीच्या प्रकरणातील आयोगाचा निकाल उघडावा आणि त्यातून मान्य परताव्याचा दर व भागभांडवलाचे प्रमाण हे दोन आकडे आधी टिपून घ्यावेत.

असे असूनही सर्वच कंपन्या अणुभट्ट्या बांधत नाहीत, कारण खर्च हाताबाहेर गेला तर आयोग तो नाकारू शकतो आणि तो भागधारकांच्या माथी बसतो. त्यामुळे दुसरा प्रश्न जोखमीचा: प्रकल्प रखडला किंवा सोडून द्यावा लागला, तर पैसे कोण भरणार? फ्लोरिडाने २००६ मध्ये, दक्षिण कॅरोलिनाने २००७ मध्ये आणि जॉर्जियाने २००९ मध्ये असे कायदे केले, की ज्यांमुळे अणुप्रकल्प पूर्ण होण्याआधीच त्याचा काही खर्च ग्राहकांच्या बिलात घालता येऊ लागला. जॉर्जियातील व्होगल प्रकल्पाच्या ३ आणि ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांचा सर्व भागीदारांचा मिळून अंदाजित खर्च सुरुवातीला सुमारे १,४०० कोटी डॉलर होता. तो ३,००० कोटींच्या वर गेला आणि त्या अनुक्रमे जुलै २०२३ व एप्रिल २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. ग्राहक मात्र २०११ पासूनच वित्तपुरवठ्याचा खर्च भरत होते. आयोगाने २०१७ मध्ये या प्रकल्पावरील परतावा कमी केला, हेही नोंदवायला हवे. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये बांधकामाचे ७५६ कोटी डॉलर दरांतून वसूल करण्यास त्यानेच मंजुरी दिली.

दक्षिण कॅरोलिनातील व्ही. सी. समर प्रकल्पाचे प्रकरण यासाठी बारकाईने वाचण्यासारखे आहे. तेथील स्कॅना या वीज कंपनीने आणि राज्याच्या मालकीच्या सँटी कूपरने सुमारे ९०० कोटी डॉलर खर्च करून ३१ जुलै २०१७ रोजी दोन्ही अणुभट्ट्यांचे काम सोडून दिले. त्याआधी एक मुदत फार महत्त्वाची होती: अणुभट्ट्या २०२१ सुरू होण्यापूर्वी कार्यान्वित झाल्या, तरच सुमारे १४० कोटी डॉलरची केंद्रीय करसवलत मिळणार होती. सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दाखल केलेल्या तक्रारीनुसार, काम मुदतीत होणार नाही हे ठाऊक असूनही कंपनीच्या वरिष्ठांनी गुंतवणूकदारांना उलट चित्र दाखवले, समभागांचा भाव चढा राहिला आणि कंपनीने १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे कर्जरोखे विकले. मुख्य कार्यकारी अधिकारी केविन मार्श यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने काय सांगितले हे वाचताना, ते सांगण्यावर त्या दिवशी कोणती रक्कम अवलंबून होती, हे शोधण्याची सवय या प्रकरणामुळे लागते. अशा मुदती आणि करसवलती कंपनीच्या वार्षिक अहवालात, म्हणजे ‘फॉर्म १०-के’मध्ये, जोखमींच्या प्रकरणात सापडतात.

वायूच्या बाबतीत हितसंबंध शोधायची जागा वेगळी आहे. केंद्र तुलनेने स्वस्तात उभे राहते, म्हणून त्यावरचा नफा कमी. परंतु इंधनाचा भाव भडकला तरी इंधन समायोजनाच्या तरतुदीमुळे तो भार बहुतांशी ग्राहकाकडे सरकतो आणि कंपनीच्या नफ्याला फारसा धक्का लागत नाही. इंधनाच्या चढउताराची झळ ज्याला लागत नाही, त्याच्या पर्यायांच्या तुलनात्मक तक्त्यात वायू आहे त्याहून सुरक्षित दिसतो. त्यापुढे पाहायची ती पाइपलाइन. डोमिनियन आणि ड्यूक या वीज कंपन्यांनी २०१४ मध्ये अटलांटिक कोस्ट पाइपलाइन जाहीर केली, तेव्हा तिची बहुतांश क्षमता आरक्षित करणारे ग्राहक त्यांच्याच समूहांतील वीज व वायू पुरवठा कंपन्या होत्या. अशा रचनेत पाइपलाइनचा मालक म्हणून मूळ कंपनीला परतावा मिळतो, आणि वाहतुकीचे भाडे वीज ग्राहकाच्या बिलात इंधनखर्च म्हणून येते. अंदाजित खर्च सुमारे ८०० कोटी डॉलरवर पोहोचल्यावर जुलै २०२० मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. व्होगल बांधणाऱ्या जॉर्जियातील वीज कंपनीची मालक असलेल्या सदर्न कंपनीने २०१६ मध्ये एजीएल रिसोर्सेस ही वायू वितरण कंपनी आणि सदर्न नॅचरल गॅस पाइपलाइनमधील निम्मा हिस्सा घेतला. ड्यूकने त्याच वर्षी पीडमाँट नॅचरल गॅस घेतली. तेव्हा वायू केंद्राचा प्रस्ताव समोर आला, की १०-के अहवालातील उपकंपन्यांची यादी आणि संलग्न कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप काढावी आणि त्या केंद्राला वायू कोणाच्या नळातून येणार आहे, हे पाहावे.

आता अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक हिताकडे वळू. सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या ‘एडगर’ या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून ‘डीईएफ १४ए’ हा अर्ज उघडावा. भागधारकांच्या वार्षिक सभेपूर्वी दिले जाणारे हे प्रॉक्सी स्टेटमेंट असते. त्यात वरिष्ठांच्या मोबदल्याचा एकत्रित तक्ता असतो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा मूळ पगार एकूण रकमेचा लहानसा भाग असतो. मोठा भाग वार्षिक बोनस आणि समभागांच्या रूपाने येतो, आणि तो प्रति समभाग उत्पन्न तसेच अन्य वीज कंपन्यांच्या तुलनेत भागधारकांना मिळालेला परतावा अशा निकषांवर ठरतो. ग्राहकाचे बिल आटोक्यात ठेवण्याला त्या निकषांत काही वजन दिले आहे का, हे मुद्दाम पाहावे. त्याहून महत्त्वाचा शब्द ‘समायोजित’ हा आहे. प्रकल्पातील तोटा असाधारण म्हणून वगळून काढलेले उत्पन्न म्हणजे समायोजित उत्पन्न. व्होगलच्या वाढीव खर्चापोटी सदर्न कंपनीने तोटा दाखवला, तेव्हा गुंतवणूकदारांसमोर मांडलेल्या समायोजित उत्पन्नातून तो वगळला होता. बोनस नेमक्या कोणत्या उत्पन्नावर मोजला आणि मोबदला समितीने त्यात कपात केली का, हे प्रॉक्सी स्टेटमेंटमधील तळटिपांत शोधावे लागते. अधिकाऱ्यांनी समभाग कधी घेतले व विकले, हे ‘फॉर्म ४’मध्ये दिसते, प्रकल्पाच्या घोषणांच्या तारखा त्याशेजारी मांडाव्यात.

घाऊक बाजारात हे सारे उलटते. तेथे विजेचा भाव बऱ्याच तासांना वायू केंद्रे ठरवतात, त्यामुळे वायू महाग झाला की अणुभट्टीच्या मालकाचा फायदा होतो आणि स्वस्त झाला की ती तोट्यात जाते. शेल खडकांतून काढलेल्या स्वस्त वायूने भाव पाडल्यावर अणुभट्ट्यांचे मालक राज्यांकडे मदत मागू लागले ते यामुळेच. ओहायोत २०१९ मध्ये मंजूर झालेल्या हाउस बिल ६ या कायद्याने डेव्हिस-बेसी आणि पेरी या अणुकेंद्रांना वर्षाला सुमारे १५ कोटी डॉलर देऊ केले. त्यामागे फर्स्टएनर्जी या तेथील वीज कंपनीने लाच म्हणून पुरवलेले सुमारे ६ कोटी डॉलर होते, हे नंतर उघड झाले; राज्याच्या सभागृहाचे माजी अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना त्याबद्दल २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. त्या कायद्यात आणखी एक कलम होते, ज्याची चर्चा मला फार कमी वाटते: वीजविक्री घटली तरी फर्स्टएनर्जीच्या वितरण कंपन्यांचे उत्पन्न २०१८ च्या पातळीवर राखण्याची त्यात हमी होती. अणुकेंद्रे फेब्रुवारी २०२० मध्ये फर्स्टएनर्जीपासून वेगळी झाली, पण या कलमाचा लाभ कंपनीकडेच राहिला; मार्च २०२१ मध्ये अणुकेंद्रांची मदत आणि हे कलम दोन्ही रद्द झाली. कायद्याची ओळख अणुकेंद्रांना मदत अशी असली, तरी मसुदा शेवटच्या कलमापर्यंत वाचावा लागतो, तो यासाठी.

हे सगळे हाताशी आल्यावर निष्कर्ष काढताना हात राखून लिहावे. बोनस आणि निर्णय एका दिशेने गेले म्हणजे बोनसमुळेच निर्णय झाला, असे सिद्ध होत नाही. अणुभट्टी कर्बमुक्त वीज देते आणि वायू केंद्र मागणीनुसार लवकर चालू-बंद करता येते, ही कारणे खरीच आहेत. आपल्याला ठामपणे म्हणता येते ते एवढेच, की अमुक पर्याय निवडल्याने अमुक लोकांचे अमुक इतके उत्पन्न वाढणार होते आणि जोखीम अमुक लोकांवर होती. अधिक खोल जायचे असेल, तर दर-प्रकरणातील नोंदी पाहाव्यात: ग्राहक संघटनांनी विचारलेले लेखी प्रश्न आणि कंपनीने दिलेली उत्तरे अनेकदा आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, आणि कोणते पर्याय कोणत्या इंधनदराने तपासले व कोणते तपासलेच नाहीत, हे त्यांतून कळते. तेथेच एक चाचणीही करता येते. मिसुरीत इंधनखर्चातील वाढ किंवा बचत यांचा ५ टक्के वाटा कंपनीवर आणि ९५ टक्के ग्राहकांवर पडतो. हाच वाटा कंपनीच्या तक्त्यात घालून पाहावा आणि तिने निवडलेले वायू केंद्र तरीही पहिल्या क्रमांकावर राहते का, हे पुन्हा मोजावे.