सेकंडहँड स्पोर्ट्स कारची एक्स्टेंडेड वॉरंटी: बेळगावकरांनी घ्यावी की नको, कसं ठरवायचं

उद्यमबागेत आमचं इंजिन रीकंडिशनिंगचं काम आहे. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड (इंजिनचं वरचं झाकण) लेव्हल करणं. पूर्वी टेबलावर ट्रॅक्टर आणि जीपची हेडं असायची, आता त्यांच्या शेजारी पोलो जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, मिनी कूपर अशा गाड्यांचीही असतात. पुण्याहून, बेंगळुरूहून, गोव्याहून आपली पोरं या गाड्या हौसेनं आणतात, आणि व्यवहाराच्या आदल्या दिवशी मला फोन येतो, "काका, डीलर वॉरंटी घ्या म्हणतोय. घेऊ काय?" फोनवर घाईत सांगायचं राहून जातं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

वॉरंटी केवढ्याला, हे नंतर बघू. त्या गाडीत असं काय बिघडू शकतं जे बेळगावात दुरुस्त होत नाही, हे आधी बघायचं. हेड वाकलं, बोअर घासला, क्रँकला लाइन पडली, रेडिएटर फुटला, अल्टरनेटर गेला, तर ती कामं आपल्याकडे चोख होतात आणि कंपनीच्या बिलापेक्षा पुष्कळ स्वस्तात. ओतकाम आणि मशीनिंगचं गाव आहे हे, एखादा बुश मिळाला नाही तर टर्निंग करून देणारा शेजारच्या शेडमध्ये सापडतो. पण डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, इंजिनचा ईसीयू (कंट्रोल कॉम्प्युटर), टर्बोचा इलेक्ट्रॉनिक अॅक्च्युएटर, कॉम्प्युटरवर चालणारे शॉक अॅब्सॉर्बर, यांना लेथ उपयोगी पडत नाही. भाग नवा घ्यावा लागतो आणि बसवल्यावर कंपनीच्या कॉम्प्युटरनं गाडीशी जुळवावा लागतो. वॉरंटीचे पैसे मोजायचे ते या दुसऱ्या यादीसाठी.

म्हणून गाडीचं मॉडेल नेमकं माहीत हवं. 1.2 लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये 7 गिअरची ड्राय क्लच डीएसजी आहे. तिचं मेकॅट्रॉनिक जगभर बदनाम आहे आणि नवं बसवायचं तर लाखाच्या वर जातं. 2017 ची ऑक्टाव्हिया आरएस घेतली तर तिची 6 गिअरची डीएसजी वेट क्लचची, तेलात चालणारी. दर 60,000 किलोमीटरला तेल-फिल्टर बदललेला असेल तर ती दमदार आहे. तिथं मी गिअरबॉक्सपेक्षा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगकडे बघतो, कारण कुलंटची गळती तिथून सुरू होते. पहिल्या गाडीला वॉरंटीचा विचार जरूर करा. दुसरीला, सर्व्हिसचे कागद पूर्ण असतील तर, मी सहसा नको म्हणतो.

आता हिशोब. समजा वॉरंटी वर्षाला 60,000 रुपये सांगितली. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 70,800. ज्या भागाची भीती आहे तो 2 लाखांचा आहे असं धरू. मग त्या वर्षात तो भाग जाण्याची शक्यता तीनात एकापेक्षा थोडी जास्त, म्हणजे साधारण 35 टक्के किंवा त्याहून वर असेल तरच पैसे वसूल. गाडीचं वय, किलोमीटर आणि आधीच्या मालकाची पावती समोर ठेवून स्वतःला विचारा, एवढी शक्यता आहे काय? भागाची किंमत डीलरच्या तोंडून घेऊ नका. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून कोटेशन मागा.

या हिशोबात अंतरही धरावं लागतं, कारण ठरावीक वर्कशॉपमध्येच काम केलं तर पैसे, अशी अट कित्येक करारांत असते. पोर्शे घेतलीत तर बेंगळुरू नाहीतर मुंबई, म्हणजे इथून कुठंही गेलात तरी साधारण 500 किलोमीटर. जमिनीलगत बसणारी अशी गाडी दोरी लावून ओढता येत नाही, फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) लागतो. टोइंग किती किलोमीटरपर्यंत मिळतं हे विचारा. 50 किलोमीटरची मर्यादा असेल तर खानापूरजवळ बंद पडलेली गाडी बेळगावापर्यंत पोहोचेल, पुढचं भाडं तुमच्या खिशातून.

करारात "काय मिळतं" याची यादी असेल तर सावध वाचा. यादीत नाव नाही तो भाग मिळत नाही. "काय मिळत नाही" याची यादी असलेला करार त्यापेक्षा चांगला. "इंजिन आणि गिअरबॉक्स" एवढंच छापलेलं असेल तर टर्बो इंजिनमध्ये धरता काय, मेकॅट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये धरता काय, हे ईमेलवर लिहून घ्या. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, क्लच प्लेट, रबर बुश झिजण्याचे भाग आहेत, ते सहसा कुणी देत नाही. इंधनाचं कलमही बघा. एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल धरून बनवलेल्या नसतात, आणि पंपावर आता तेच मिळतं. "इंधनामुळे झालेला बिघाड" वगळला असेल तर त्याचा अर्थ काय लावणार, हे आधीच विचारलेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं कलम मात्र इंजिन उघडण्याचं. बिघाड नक्की काय हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि क्लेम नाकारला तर उघडायची आणि परत बांधायची मजुरी कोण देणार? बहुतेक ठिकाणी तुम्ही. माझ्याकडे एक हेड आलं होतं. गाडी तापली, मालकानं तशीच घरापर्यंत आणली, आणि ओळखीच्या फिटरनं त्याच संध्याकाळी हेड उतरवलं. वॉरंटी चालू होती. वॉरंटी कंपनीनं क्लेम नाकारताना दोन कारणं दिली: मंजुरीआधी इंजिन उघडलं, आणि काटा वर गेल्यावरही गाडी चालवली. दोन्ही कलमं करारात छापलेली होती. हेड मी लेव्हल करून दिलं, खर्च त्यानं सोसला. फिटरचा हात चांगला होता हो, पण लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एकही बोल्ट सैल करायचा नाही, आणि तापमानाचा दिवा लागला की जिथं असाल तिथं इंजिन बंद करायचं.

आधीच्या मालकानं रिमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केला होता काय, हे शोधा. ऑक्टाव्हिया आरएस किंवा पोलो जीटीला हा प्रकार सर्रास असतो. सॉफ्टवेअर पुन्हा मूळचं टाकलं तरी खूण राहू शकते, आणि ती सापडली की इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम बहुधा फेटाळला जातो. स्कॅनर लावणाऱ्याला नुसते एरर कोड वाचायला सांगू नका. रेडिनेस मॉनिटरही (गाडीनं स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याची नोंद) बघायला सांगा, ते अपूर्ण दिसले तर कोड कुणीतरी नुकतेच पुसलेले असू शकतात. रिमॅपचा संशय पक्का असेल तर वॉरंटीचा विषय तिथंच संपवा, आणि गाडीचाही परत विचार करा.

चोर्ला घाटातून गोव्याला जाताना खड्ड्यात ऑइल संप (इंजिनखालची तेलाची टाकी) फुटला किंवा खानापूरच्या पावसात इंजिननं पाणी ओढलं, तर ते वॉरंटीचं काम नव्हे, विम्याचं. विम्यात इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्या. आपल्या पावसात वॉरंटी परवडली नाही तरी चालेल, पण ही जोड सोडू नका.

सीमाभागातली एक खास अडचण आहे. एमएच-09 (कोल्हापूर) किंवा गोव्याची गाडी आणून 12 महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर एनओसी काढून, कर्नाटकचा रोड टॅक्स भरून बेळगावचा केए-22 नंबर घ्यावा लागतो. मग जुना नंबर घातलेल्या वॉरंटीच्या कागदाचं काय? म्हणून करारावर चेसिस नंबर आहे ना हे बघा, आणि नवा नंबर मिळाल्यावर वॉरंटी कंपनीला कळवून पोच घ्या. सर्व्हिस करारात चालेल तिथं करा, पण बिल पक्कं हवं, त्यावर चेसिस नंबर, किलोमीटर आणि तेलाचा ग्रेड लिहिलेला. आपल्याकडं चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायची सवय आहे, ती चिठ्ठी क्लेमला चालत नाही.

वॉरंटी नको ठरली तर ते पैसे खर्चून टाकू नका. क्रेडिट सोसायटीत महिन्याला 5,000 ची आवर्तक ठेव उघडा आणि ती फक्त गाडीसाठी ठेवा. ज्याच्याकडे एका फटक्यात 2 लाख उभे करायची सोय नाही आणि गाडी ड्राय क्लच डीएसजीची आहे, त्यानं हिशोब थोडा तोट्यात जात असला तरी वॉरंटी घ्यावी, असं माझं मत.

घ्यायची ठरली तर आधी तपासणी, मग पैसे. तपासणीचा अहवाल तुमच्या हातात हवा, नाहीतर पुढं "हा बिघाड आधीपासूनच होता" असं म्हणायला त्यांना मोकळीक मिळते. सुरुवातीला क्लेम न देण्याचे दिवस किती, रद्द केली तर पैसे किती परत, गाडी विकली तर पुढच्या मालकाच्या नावावर होते काय, हेही लिहून घ्या. आणि क्लेम अन्यायानं नाकारला तर कंपनी मुंबईची असो की दिल्लीकडची, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षांची. वॉरंटीसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद करा, नकाराचं पत्र लेखी मागा, आणि बदललेला जुना भाग वर्कशॉपमधून परत घेऊन घरी ठेवा.