पारा चढण्याआधी टोमॅटोची तयारी

आज गळणारं फूल सहसा आजच्या उन्हानं गळत नाही. फूल उमलण्याच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी कळीत परागकण घडत असतात आणि उष्णतेला सर्वांत हळवी अवस्था तीच. त्या दिवसांत दिवसाचं तापमान ३२–३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २१–२२ च्या वर राहिलं की बरेचसे पराग पोकळ निघतात. सेटिंग, म्हणजे फळधारणा, बिघडल्याचं मात्र नंतर दिसतं. म्हणून फुलगळ सुरू झाल्यावर मारलेली फवारणी त्या फुलांना वाचवत नाही. हवामानाचा अंदाज पाहून आधीच हात हलवावे लागतात.

रोप स्वतः काय करतं ते समजलं की कामांचा क्रम आपोआप लागतो. पेशीतली प्रथिनं ठरावीक घडीत असली तरच चालतात. उष्णतेनं ती घडी मोडते. एरवी एचएसपी-७० आणि एचएसपी-९० ही राखणदार प्रथिनं एचएसएफ-ए१ या नियंत्रकाला अडकवून ठेवतात. घडी मोडलेली प्रथिनं वाढली की राखणदार तिकडे गुंततात आणि नियंत्रक मोकळा होतो. मग तो तीन-तीनच्या जुळणीनं डीएनएवर बसून उष्णतेची जनुकं चालू करतो. त्यातून नवे राखणदार बनतात आणि एचएसएफ-ए२ हा दुसरा नियंत्रकही बनतो, जो हे काम पुढे चालू ठेवतो. आधी सौम्य ऊन मिळालेलं रोप नंतरचं कडक ऊन सोसतं ते यामुळे. पण राखणदारांचा हा साठा काही दिवसांतच ओसरतो, म्हणून खरा धोका अचानकच्या उडीत आहे.

रोपवाटिकेत लागवडीआधीचे ७–८ दिवस रोपाला उन्हाची हळूहळू सवय लावायला द्या. पहिल्या दिवशी सकाळचं २ तास ऊन, मग रोज तास-दीड तास वाढवत शेवटचे दोन दिवस पूर्ण ऊन. पाणी थोडं कमी करा, पण ट्रे वाळू देऊ नका. पूर्ण माना टाकलेलं रोप काटक होत नाही, फक्त खुरटतं. आठवडाभर सावलीत ठेवून थेट दुपारी शेतात लावलेली रोपं करपतात. लागवड दुपारी चारनंतरच करा.

शेतात पहिलं औषध पाणी. पान बाष्पोत्सर्जनानं, म्हणजे पाण्याची वाफ बाहेर टाकून, थंड राहतं. ताण बसला की पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) मिटतात आणि पान हवेपेक्षाही तापतं. ठिबकचं रोजचं पाणी दोन-तीन पाळ्यांत विभागा, पहिली पाळी भल्या सकाळी. वाफसा (माती ओलसर पण हवेशीर असणं) मोडू नका, कारण चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि भर पाण्यात झाड सुकतं. मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर ठेवा. शेडनेट ३५ टक्क्यांची पुरे. जास्त सावलीत झाड उंच, लुसलुशीत होतं आणि फुलं कमी लागतात. नेट काढायची तर संध्याकाळी.

सॅलिसिलिक आम्लाच्या सौम्य फवारणीनं पेशीतल्या ऑक्सिडीकरणरोधक विकरांना (एन्झाइमना) चालना मिळते. १५ लिटरच्या पंपाला १ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.५ मिलिमोलर. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. उष्णतेच्या लाटेच्या २–३ दिवस आधी, संध्याकाळी, आणि प्रथम मोजक्या झाडांवर मारून पाहा. मात्रा वाढवली तर पानं भाजतात. पाण्याची उणीव ही फवारणी भरून काढत नाही.

फळांवरची पानं ओरबाडू नका. फळाचं तापमान ३०–३२ च्या वर गेलं की लायकोपीन हे लाल रंगद्रव्य बनणं मंदावतं, बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य मात्र बनत राहतं. फळ पिवळट-नारिंगी राहतं. असं प्रत्येक फळ व्हायरसचं नसतं, घाईनं औषधं मारू नका.

नुकसान किती झालंय ते परागच सांगतो. सकाळी नुकतं उमललेलं फूल घ्या, परागकोश काचपट्टीवर १ टक्का अॅसिटोकार्मिन या लाल रंगाच्या थेंबात चेपा आणि सूक्ष्मदर्शकाखाली १०० पट मोठं करून किमान २०० कण मोजा. भरलेले कण लाल, पोकळ कण फिके आणि सुरकुतलेले दिसतात. रंग घेतलेला प्रत्येक कण रुजतोच असं नाही. खात्रीसाठी १० टक्के साखरेच्या द्रावणात लिटरला १०० मिलिग्रॅम बोरिक आम्ल आणि ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून २५ अंशांना २–३ तास ठेवा आणि परागनळ्या मोजा. नळ्या दिसत असूनही फळ धरत नसेल तर स्त्रीकेसराचं टोक परागकोशांच्या बाहेर आलंय का पाहा. उष्णतेत तसं होतं आणि पराग तिथवर पोचत नाही.