‘आर’मध्ये सरासरी काढताना ‘सी’ विसरू नका

रावेरच्या एका मळ्यातले केळीचे पाच घड तोललेले: १८, १९, २०, २१, २२ किलो. ‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेत सम (बेरीज) लिहून कंसात हे आकडे सरळ टाकले, की उत्तर १००. बरोबर. त्याच भरवशावर मीन (सरासरी) लिहून कंसात तेच आकडे टाका. उत्तर येतं १८! लाल अक्षरात चूक दाखवणं वगैरे काही नाही, गुपचूप १८. कारण मीन फक्त पहिली गोष्ट माहिती म्हणून घेतं, पुढचे आकडे त्याला सेटिंग वाटतात. म्हणून आधी सी (आकडे एकत्र बांधणारा आदेश) आणि कंस, त्यात आकडे, आणि ते सगळं मीनच्या कंसात. मग २० येतं. मीडियनलाही (मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा) हेच लागू.

मीन आणि मीडियन दोन्ही काढाच. २१ च्या जागी चुकून २१० पडलं, तर सरासरी थेट ५७.८ होते, मध्यक मात्र २० वरच राहतो. एवढ्या वजनाचा घड अख्ख्या खानदेशात कुठे लागतो, भाऊ?

एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) मूळ पाच आकड्यांसाठी १.५८ देतं, वहीत १.४१ आलं असेल, तर तुम्ही सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज पाचने भागलीय, ‘आर’ एक कमी करून चारने भागतं.